प्लास्टिकखाली कोंडलेला हात

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २७ वर्षांची आहे. डोंबिवलीत आईसोबत राहते, घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीला नोकरीला जाते. रविवारी वांद्र्याच्या एका स्टुडिओत तिने डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधे आतल्या बाजूला, ४ इंचांचं तुळशीवृंदावन काढून घेतलं. आजीच्या हातावर गोंदलेलं होतं तेच, फक्त मोठं आणि आत काळ्या-करड्या छटा भरलेलं. टॅटूवाल्याने वरून पारदर्शक चिकट पट्टी लावली आणि ‘५ दिवस हात लावू नकोस’ म्हणून सांगितलं. सोमवारी पट्टीखाली काळं पाणी साचलं. मंगळवारी गाडीच्या गर्दीत ते कडेने फुटून बाहीवर आलं. तिने घाबरून पट्टी काढून टाकली आणि ऑफिसातल्या एकीच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळायला सुरुवात केली. सकाळी ७ला एक, रात्री झोपताना दुसरी. वर पूर्ण बाहीचा कुर्ता, कारण आईला यातलं काहीच माहीत नाही. चादरीवर निळसर डाग दिसला तेव्हा ‘पेन फुटलं’ म्हणून वेळ मारून नेली. शुक्रवारी सोडून पाहिलं तर कातडी पांढरी, सुरकुतलेली, कुबट वासाची. भोवती बारीक पुरळ आणि खाज. एक मैत्रीण म्हणते उघडं ठेव, वारा लागू दे. दुसरीने खाजेची ट्यूब दिली. मावशीला तेवढं सांगितलंय, ती म्हणते हळद लाव. पुढच्या शनिवारी ऑफिसची सहल कर्जतला आहे, तिथे पूल आहे. ‘ताई, टॅटू गेला का? नक्की कोणाचं ऐकू? आणि आईला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. गोंदण म्हणजे गावंढळपणा, असं ती आयुष्यभर म्हणत आलीय.’

*

तुझं पत्र शनिवारी रात्री वाचलं आणि सदराच्या दिवसाची वाट न बघता तुला चार ओळी कळवल्या होत्या: प्लास्टिक आत्ता काढ, हात नळाखाली धू, ट्यूब लावू नकोस, उद्या उजेडात फोटो काढून पाठव. रविवारी दुपारी फोटो आला. पांढरेपणा उतरला होता, पुरळ घामोळ्यासारखं होतं, लाली पसरलेली नव्हती आणि ताप नाही असं तू लिहिलं होतंस. त्यामुळे आता निवांत बोलू. पावसाळ्यात टॅटू काढून घेणारी तू एकटी नाहीस, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते, म्हणजे माझं कितपत ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी २२ वर्षं हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये काढली. माझ्या अंगावर टॅटू एकही नाही. रेषा कशी ओढतात, छटा कशी भरतात, यातलं मला काही कळत नाही. पण कातडी उघडी पडली की ती बंद होण्यासाठी काय काय करते, ते रोज बघितलंय. आणि तुझ्या हातावर रविवारी चित्र निघालं तसं एक ४ इंचांचं खरचटणंही झालं. चित्र पुढे आयुष्यभर आहे. पहिले दोन आठवडे मात्र त्या खरचटण्याचे.

आता ‘कोणाचं ऐकू’. तू पाच जणांची पाच मतं एकमेकांसमोर उभी केलीस आणि त्यातलं एक खरं, बाकीची खोटी, असं धरून चाललीस. मला तसं वाटत नाही. टॅटूवाल्याची पट्टी पहिल्या दिवसासाठी बरोबर होती. क्लिंग फिल्म स्टुडिओतून घरी पोचेपर्यंत बरोबर असते. उघडं ठेवणं ओल आटल्यावर बरोबर. म्हणजे या तिघांचा सल्ला त्या त्या वेळेपुरता ठीक आहे, तू तो भलत्या वेळी वापरलास. हळद आणि ती ट्यूब या दोघींना मात्र कुठलीच वेळ नाही. त्यांच्याकडे मी येतेच.

टॅटूची सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत जाते. वरचा पापुद्रा ओलांडून त्याच्याखालच्या जाड थरात शाई सोडते. तिथे आपल्या शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्या शाईवर धावून जातात, तिचे कण गिळतात आणि गिळून तिथेच बसून राहतात. त्यातली एखादी पेशी मेली की सुटलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे उंदरांच्या कातडीवर दाखवून दिलं. तुझं वृंदावन टिकणार आहे ते या पेशींच्या जोरावर. आता, मंगळवारी बाहीला जे लागलं ते काय होतं? लस म्हणजे जखमेतून पाझरणारं पातळ पाणी, थोडं रक्त आणि वरच्या वर राहिलेली जास्तीची शाई. पहिले एक-दोन दिवस ती सुटतेच. आत बसलेली शाई अशी वाहून जात नाही. टॅटू गेलेला नाही.

तर मग पट्टी कशाला? आपल्याकडे एक समज पक्का आहे: जखमेला वारा लागला पाहिजे, खपली धरली पाहिजे, म्हणजे ती बरी होते. मीही नोकरीला लागले तेव्हा तसंच मानायची. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर चक्क पॉलिथिनचा कागद लावला. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरली. ओलसर पृष्ठभागावर नव्या पेशींना सरकायला सोपं जातं. खपली आली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. टॅटूला खपली जाड धरली तर आणखी एक पंचाईत होते, ती निघताना शाईचा तुकडा घेऊन निघू शकते.

मग तू म्हणशील, मीही पॉलिथिनच गुंडाळलं की. हो, पण ओलसर वेगळं आणि डबकं वेगळं. पावसाळ्यात ओले बूट घालून दिवसभर हिंडलं की बोटांच्या बेचक्यांत काय होतं? चिखल्या. तुझ्या हाताला शुक्रवारपर्यंत तेच झालं होतं. क्लिंग फिल्ममधून वाफ बाहेर जात नाही. जुलैची मुंबई, वर पूर्ण बाहीचा कुर्ता, बायकांच्या डब्यातली गर्दी, आणि आत घाम, लस आणि हाताची ऊब. जंतूंना याहून चांगली खोली भाड्याने मिळणार नाही. तो कुबट वास आणि पुरळ त्याच कोंडण्याचं.

टॅटूवाल्याची पट्टी याच बाबतीत वेगळी असते. सलाईनची सुई हातात बसवली की वर जी काचेसारखी पातळ पट्टी चिकटवतात, टेगाडर्म किंवा तसली, तिच्या जातकुळीची ती. पॉलियुरेथेनची असते. कातडीतून निघणारी वाफ बाहेर सोडते, बाहेरचं पाणी आणि जंतू आत घेत नाही. मला ती आवडते, मी हजारो चिकटवल्या असतील. पण तिची एक अट आहे: चारही कडा बंद हव्यात. कड सुटली की आतलं पाणी बाहेर येतं, आणि ज्या वाटेने पाणी बाहेर आलं त्याच वाटेने गाडीच्या दांड्यावरची घाण आत जाऊ शकते. तशी कड सुटलेली पट्टी ‘५ दिवस’ सांगितलेत म्हणून ठेवायची नसते. मंगळवारी तू ती काढलीस ते घाबरून काढलीस, पण बरोबर केलंस.

चूक झाली ती पुढे. टॅटूवाल्याला फोन करायचा राहिला. आणि त्यानेही तुला अर्धंच सांगितलं होतं. साधारण रीत अशी असते: पहिली पट्टी २४ तास, कारण पहिल्या दिवशीच सगळ्यात जास्त लस सुटते. मग ती काढायची, हात धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा आणि दुसरी स्वच्छ पट्टी लावून ती ३ ते ५ दिवस ठेवायची. तळव्याएवढं काळं पाणी साचलं म्हणून घाबरायचं नाही, पण ते कडेपर्यंत पोचलं तर बदलायची. सुईने भोक पाडून पाणी काढायचं नाही. (हे करणारे लोक आहेत. शिलाईच्या डब्यातल्या सुईने.) काढताना वर ओढायची नाही. शॉवरखाली किंवा नळाच्या कोमट धारेखाली कड सैल करायची आणि कातडीला समांतर, बाजूला ताणत काढायची. रबर ताणल्यासारखी ती लांबते आणि सुटते. वर ओढली तर केसांसकट आणि कधी पापुद्र्यासकट येते.

आणि ज्यांना पट्टीचा गोंदच सोसत नाही त्यांच्यासाठी एक खूण सांगते. लाली बघायची. ती वृंदावनाच्या आकाराची असेल तर ती सुईची, पहिले दोन-तीन दिवस राहणारच. ती पट्टीच्या चौकोनाच्या आकाराची असेल, कडेवर सरळ रेषेत थांबत असेल, तर ती गोंदाची. अशा वेळी दुसरी पट्टी लावायच्या भानगडीत पडायचंच नाही. पहिल्या दिवसापासून धुणं आणि हलकं क्रीम, एवढ्यावर हात बरा होतो. पट्टी आली नव्हती तेव्हाही टॅटू बरे होतच होते.

तुझा आता सातवा-आठवा दिवस. पट्टीची वेळ गेली. चिखल्या झालेल्या कातडीवर पुन्हा काही चिकटवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ आणि ऑफिसातून आल्यावर असं तीनदा धुवायचं. आधी उजवा हात साबणाने स्वच्छ कर, मग बिनवासाचा साधा साबण बोटांच्या टोकांनी टॅटूवर फिरव. कापड, काथ्या, स्क्रब काही नको. बादलीत हात बुडवू नकोस, वाहत्या पाण्याखाली धर. बुळबुळीत थर हाताला लागतोय तोवर धुवायचं; तो निघाला की बोटाखाली कातडी नुसती हुळहुळी लागते. पंचा किंवा टॉवेल नको, टिश्यूने टिपायचं. मग १० मिनिटं तशीच बस, फॅनखाली. पूर्ण सुकल्यावर बिनवासाचं क्रीम लावायचं, आणि ४ इंचांच्या टॅटूला हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरतं. लावल्यावर हात चकाकत असेल तर जास्त झालं, टिश्यूने टिपून काढ. व्हॅसलीनचा जाड थर, नारळाचं तेल असलं या आठवड्यात नको; ओल पुन्हा आतच कोंडेल.

बाटलीतलं अँटिसेप्टिक लावायची आपल्याला फार हौस. झोंबलं म्हणजे काम करतंय, असं वाटतं. ते जंतूंबरोबर नुकत्याच धरलेल्या नव्या पेशीही मारतं. साबण आणि पाणी पुरे.

हळदीबद्दल मावशीशी भांडू नकोस. तिने हळद गोंदणावर लावलेली पाहिली असणार. पण हिशेब कर. आजीच्या हातावर ठिपके होते आणि दोन ठिपक्यांच्या मधे धडधाकट कातडी होती. तुझ्या हातावर ४ इंचांचा सलग भाग सुईने उकरलेला आहे. शिवाय ज्यांचे हात गोंदणानंतर पिकले आणि आठवडाभर ठणकत राहिले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत बसलं नाही, म्हणून आपल्याला वाटतं की तेव्हा सगळ्यांचं सुरळीत झालं. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण ओल्या जखमेत अडकतात, आणि पिवळ्या रंगाखाली खरी लाली दिसेनाशी होते. मला हा शेवटचा तोटा सगळ्यात मोठा वाटतो. जखमेकडे बघता आलं पाहिजे.

आणि ट्यूब. तुझ्या फोटोत ती कडेला दिसली. चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळणारी, स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तीन-चार औषधांचं मिश्रण असलेली. महाराष्ट्रात घरटी एक तरी असेल, फ्रिजच्या दारात. खाज तासाभरात थांबते, म्हणून लोक तिला जादू समजतात. तिच्यातलं स्टेरॉईड सूज दाबतं आणि जखम भरणंही मंदावतं. आत जंतू वाढत असतील तर त्यांच्यावर पांघरूण घालतं. फार दिवस लावली तर कातडी पातळ होते. मैत्रिणीला परत दे. खाज आली तर स्वच्छ रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर धर, किंवा वरून हलकेच थापट. नखं लावायची नाहीत.

कारण आता ते पापुद्रे सुटायचे दिवस आले आहेत. सापाच्या कातेसारखे, आणि त्यांच्यात काळा रंग दिसेल. पुन्हा मला ‘टॅटू गेला’ म्हणून पत्र लिहू नकोस. निघतोय तो वरचा मेलेला थर आणि त्यातली शाई. खालचं चित्र त्यानंतर दोन-तीन आठवडे दुधी काचेमागून बघितल्यासारखं धुरकट दिसेल, मग स्वच्छ होईल. वरची कातडी २ ते ४ आठवड्यांत बंद होते, आतल्या थराला त्याहून काही महिने जास्त लागतात.

आता बाहेर पडायचं कसं. बाही लपवण्यापुरती हवीच असेल तर सैल, सुती, घाम शोषणारी घाल. गाडीच्या गर्दीत पर्सच्या बकला घासतात, कोणाची ओली छत्री टेकते, म्हणून तेवढ्या प्रवासापुरतं औषधाच्या दुकानातलं न चिकटणारं ड्रेसिंग पॅड ठेव आणि ते मायक्रोपोरने, म्हणजे कागदी चिकटपट्टीने, बांध. चिकटपट्टी टॅटूवर येता कामा नये, पॅडच्या बाहेर धडधाकट कातडीवर. ऑफिसात पोचलीस की काढ. कापड किंवा पॅड चिकटलंच तर ओढू नकोस, पाण्याने भिजवून सोडव. दांडा उजव्या हाताने धर. चादर-उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदल.

कर्जतच्या पुलात उतरायचं नाही. तेव्हा तुझा तेरावा दिवस असेल, पापुद्रे अजून सुटत असतील. क्लोरीन आग करेल, आणि रविवारी-शनिवारी रिसॉर्टच्या पुलात माणसं किती आणि पाणी किती, ते तू पाहिलंच असशील. वरून पट्टी लावून उतरते, असं म्हणशील, तर कडा पाण्यात सुटतात. समुद्राचं तर नावच नको. २०१७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका माणसाची हकिगत आली होती: टॅटू काढून ५ दिवस झालेले असताना तो मेक्सिकोच्या आखातात पोहला, समुद्राच्या पाण्यातला जंतू पायावरच्या टॅटूतून आत गेला आणि तो त्यातून वाचला नाही. त्याचं यकृत आधीच खराब होतं, त्यामुळे सगळ्यांचं तसं होईल असं मुळीच नाही. पण पापुद्रे सुटून कातडी गुळगुळीत होईपर्यंत जुहू काय आणि अलिबाग काय, काठावर बसून बघावं.

तुझा टॅटू हातावर आहे. ज्यांचा घोट्यावर किंवा पोटरीवर आहे त्यांच्यासाठी हे वेगळं लिहिते, कारण मुंबईच्या पावसाळ्यात हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त भिववते. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू फुटलेल्या कातडीतून आत जातात. २००५च्या जुलैतल्या पुरानंतर लेप्टोचे रुग्ण कसे येत गेले, ते मी वॉर्डात पाहिलंय. नवा टॅटू म्हणजे या जंतूंना दार उघडं ठेवणं. हिंदमाता, मिलन सबवे, तुमच्या गल्लीचं तोंड, जिथे कुठे पाणी भरतं तिथून जायची वेळ आलीच तर घरी आल्या आल्या पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. त्यासाठी प्रतिबंधक गोळी असते, ती त्यांना विचारूनच घ्यायची. आणि थोडी वाट बघता येत असेल तर पायावरचा टॅटू दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात तो काढून घ्यायला काय घाई आहे, हे मला खरंच समजत नाही.

डॉक्टरकडे कधी पळायचं? तिसऱ्या दिवसानंतर ठणका उतरायच्या ऐवजी चढत असेल. पू, दुर्गंधी, ताप असेल. टॅटूपासून काखेकडे लाल रेघ चढत असेल किंवा काखेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलं असेल. लाली वाढतेय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून ड्रेसिंग रूममधली युक्ती: लालीच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवायची आणि ६-८ तासांनी बघायचं. लाली रेघेबाहेर गेली की निघायचं. केईएम, सायन, नायर, सगळीकडे त्वचेची ओपीडी आहे. टॅटू दाखवायला लाजायचं कारण नाही, तिथल्या लोकांनी याहून बरंच काही पाहिलेलं असतं. मधुमेह असणाऱ्यांनी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी किंवा जखमेवर जाड वण उठणाऱ्यांनी तर टॅटूच्या आधीच विचारून घ्यावं.

तुझ्यासारख्या करड्या छटांच्या बाबतीत आणखी एक. दोन-तीन आठवड्यांनी सगळं बरं दिसत असताना नेमक्या करड्या भागातच बारीक लाल पुळ्या उठल्या तर त्याला घामोळं समजू नकोस. २०११-१२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांना असं झालं होतं. आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतच क्षयाच्या जंतूंच्या दूरच्या नात्यातले जंतू निघाले. म्हणून पुढच्या वेळी सुई तुझ्यासमोर फोडायला सांग तसंच शाई पातळ करायला कुठलं पाणी घेता, तेही विचार. निर्जंतुकच हवं. नळाचं किंवा बिसलेरीच्या बाटलीतलं चालत नाही.

अजून एक, गणपती जवळ आलेत म्हणून. मंडळाच्या रक्तदान शिबिरात यंदा रांगेत उभी राहू नकोस. टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही.

आता आई.

तू लिहिलंस की प्लास्टिक जखम सांभाळायला गुंडाळत होतीस. मी पत्र दोनदा वाचलं. पट्टी फुटली मंगळवारी गाडीत, आणि तुझी पहिली भीती टॅटू खराब होण्याची नव्हती, बाहीवरचा डाग आईला दिसण्याची होती. क्लिंग फिल्म १४-१४ तास हातावर राहिली ती त्यामुळेच. रात्री गुंडाळायचं कारण चादर. धुणं चुकलं, कारण बाथरूममध्ये १० मिनिटं जास्त लागली तर आई विचारेल. लपवायला गुंडाळलेली गोष्ट जखमेच्या सोयीची कशी असणार?

आईला सांगावंस की नाही, हा तुझा प्रश्न आहे, माझा नाही. तू २७ वर्षांची आहेस, हात तुझा आहे. न सांगण्यातही काही पाप नाही. सैल बाही, प्रवासात पॅड, घरी ‘घामोळं आलंय’ म्हणून धुणं, असं करून आणखी तीन आठवडे निघतील. पण मे महिन्यात तू पूर्ण बाही घालणार आहेस का? आणि पुढच्या मे महिन्यात? की बरं झाल्यावर सांगेन, असा विचार आहे? तोही वाईट नाही. ओल्या जखमेपेक्षा बरं झालेलं वृंदावन बघायला केव्हाही चांगलं.

फक्त एक गोष्ट तू फार पक्की धरून बसलीस, ती जरा हलवून बघ. ‘गोंदण म्हणजे गावंढळपणा’ हे आईचं एवढं एकच वाक्य पत्रात आहे. ती ते कधी, कोणासमोर म्हणायची? आमच्याकडे सलाईन लावायला म्हाताऱ्या बायका हात पुढे करायच्या. शीर शोधताना माझं बोट त्यांच्या गोंदणावरून फिरायचं, ते हिरवट-निळे ठिपके. (गोंदायला काजळी वापरायचे, म्हणजे रंग काळाच, कातडीच्या खोलीतून बघताना तो निळा-हिरवा दिसतो.) तरुण डॉक्टर जवळ आले की त्यातल्या काही पदर हातावर ओढून घ्यायच्या. सोबत आलेली मुलगी कधी कधी त्यांच्या आधी ओढायची. त्या मुली आज तुझ्या आईच्या वयाच्या असतील. तुझी आई त्यांच्यासारखीच असेल असं मी म्हणत नाही. पण तुझ्या हातावर जे आहे ते तिच्या आईच्या हातावर होतं, आणि ती जे बोलेल असं तू धरलंयस ते आणि ती खरोखर जे बोलेल ते एकच निघेल, याची मला तुझ्याएवढी खात्री नाही. चिडेल, हे शक्य आहे. दोन दिवस अबोला धरेल, तेही शक्य आहे. अबोल्याच्या दिवसांतही डाव्या हातावर साबण लावायला तुला दुसऱ्या कोणाची गरज नाही, त्यामुळे जखमेचं काही अडणार नाही.

मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं, आणि तेही स्वयंपाकघरात, तिचा हात कणकेत असताना. समोरासमोर बसवून सांगितलं की साध्या गोष्टीचाही खटला होतो.

आणि ती चादर. गरम पाण्यात किंवा मशीनच्या गरम सायकलवर टाकू नकोस, रक्ताचा आणि लशीचा डाग त्याने पक्का बसतो. थंड पाण्यात तासभर भिजव, मग साबण लाव. रक्त निघेल. शाईचा निळा ठिपका राहिला तर राहू दे, तोवर पेनाची गोष्ट पुढे चालवायची की नाही ते तुझं ठरलेलं असेल.